गुळवेलीतली बहुशर्करा: आधी पावडर ओळखा, मग तिची ताकद मोजा

मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत फिनॉलची बाटली उघडली, की आतल्या पांढऱ्या स्फटिकांचं पाणी झालेलं असतं. फिनॉल साधारण ४१ अंशांना वितळतं आणि सोलापूरचा उन्हाळा तिथवर सहज पोचतो. प्रयोगवहीत 'खोलीचं तापमान' असा शब्द असतो, तो २५ अंशांच्या खोलीसाठी. आपली खोली ती नव्हे. म्हणून खालची पद्धत मी आपल्या हवेत, आपल्या पाण्यावर करून पाहिली तशी लिहिते आहे.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, एम.एस्सी. किंवा बी.फार्म.च्या प्रकल्पासाठी एखादी औषधी वनस्पती हाती घेतलेले विद्यार्थी. दुसरे, बांधावरची गुळवेल, शतावरी, कोरफड वाळवून पावडर विकू पाहणारे छोटे उत्पादक. दोघंही माझ्याकडे एकच मागणी घेऊन येतात: "मॅडम, याची अँटिऑक्सिडंट अ‍ॅक्टिव्हिटी काढून द्या." म्हणजे मूलक नावाच्या अस्थिर, आक्रमक रेणूंना विझवण्याची ताकद मोजून द्या. मी उलट विचारते, "या डबीत आहे काय?" त्याचं उत्तर हाती नसेल तर पुढे येणारा आकडा कुणाचा आहे तेच कळत नाही. तो बहुशर्करेचा असेल, चिकटून आलेल्या टॅनिनचा (तुरट चवीच्या फिनॉलिक द्रव्याचा) असेल, नाहीतर पिवळ्या रंगद्रव्याचा.

बहुशर्करा म्हणजे पॉलिसॅकराइड, साखरेच्या अनेक रेणूंची लांब माळ. स्टार्च ही बहुशर्कराच, डाळिंबाच्या सालीतलं पेक्टिनही, आणि कोरफडीच्या गरातलं असेमॅननही. गुळवेलीत मुबलक स्टार्च असतं. घरोघरी करतात ते गुळवेल सत्त्व बहुतांशी तेच. शिवाय तिच्यातून अ‍ॅराबिनोगॅलॅक्टनसारख्या वेगळ्या बहुशर्कराही काढल्या गेल्या आहेत. स्टार्च आणि या बाकीच्या बहुशर्करा वेगळ्या कराव्या लागतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो. पुढचं सगळं मी गुळवेल धरून सांगते. दुसरी वनस्पती असेल तर काय बदलायचं ते त्या त्या ठिकाणी येईल.

कच्चा माल

गेल्या उन्हाळ्यात एक विद्यार्थिनी बार्शीकडच्या शेतातल्या कडुनिंबावरून गुळवेल घेऊन आली. अंगठ्याएवढी जाड कांडी, वर कागदासारखी सुटणारी करडी साल, साल खरवडली की आत हिरवं. आडवा काप घेतला तर मधून कडेकडे जाणाऱ्या रेघा, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. पान हृदयाकृती आणि गुळगुळीत. ही खरी गुळवेल, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची वेल मात्र वेगळी. तिच्या खोडावर पुटकुळ्यांसारखे ठसठशीत उंचवटे असतात. टिनोस्पोरा सायनेन्सिस या तिसरीच्या पानांवर लव असते. वाळून तुकडे झाल्यावर या तिघी ओळखणं फार अवघड. म्हणून पान-खोडासह एक ताजी फांदी दाबून वाळवा, वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडून ओळख पटवून घ्या आणि तिचा नमुना क्रमांक वहीत पहिल्या पानावर लिहा. कुठून आणली, कोणत्या झाडावरून, कोणत्या महिन्यात, हेही लिहा.

कांड्या धुऊन, चकत्या करून सावलीत वाळवा. आपल्याकडे एप्रिलमध्ये चार-पाच दिवसांत चकती काटकन मोडते. पत्र्यावर थेट उन्हात ठेवू नका. पत्रा तापतो, चकत्या तपकिरी पडतात आणि तो तपकिरी रंग पुढे प्रत्येक मोजमापात नडतो. वाळल्यावर दळून ४० नंबरच्या चाळणीतून काढा.

पाण्याचं आताच सांगते. बोअरचं पाणी वापरायचं नाही, पहिल्या धुण्यानंतर तर अजिबात नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर. पेक्टिनसारखी आम्लधर्मी बहुशर्करा त्याच्याशी बांधली जाते, घट्ट होते, राखेचं प्रमाण वाढतं. पाण्यात लोह असेल तर अँटिऑक्सिडंट चाचण्या बिघडतात. काढण्यापासून मोजण्यापर्यंत डिस्टिल्ड वॉटरच.

काढणी

पायरी १. ५० ग्रॅम पावडर, ५०० मिलिलिटर ८० टक्के इथेनॉल. कंडेन्सर लावून वॉटरबाथवर दोन तास उकळा, गाळा, पुन्हा नवं इथेनॉल घालून तेच करा. कडवट द्रव्यं, सुट्या साखरा, हरितद्रव्य आणि बरीचशी फिनॉलिक द्रव्यं यात निघून जातात. बहुशर्करा अल्कोहोलमध्ये विरघळत नाही म्हणून मागे राहते. गाळलेलं इथेनॉल जवळजवळ बिनरंगी दिसेपर्यंत थांबू नका. दोनदा म्हटलंय म्हणून दोनदाच करायचं असं नाही. डाळिंबाच्या सालीला मला पाच-सहा वेळा धुवावं लागलं आहे.

पायरी २. उरलेला चोथा वाळवा. मग चोथ्याच्या वीसपट पाणी घालून ८० ते ९० अंशांना दोन तास ठेवा, अधूनमधून ढवळत राहा. गाळा आणि चोथ्यावर पुन्हा एकदा तेच करा. दोन्ही अर्क एकत्र.

गाळायच्या कापडाबद्दल थांबून सांगते, कारण यात आमचा एक महिना गेला. कोरफडीच्या गरातली बहुशर्करा काढत होतो. तिच्यात स्टार्च असायचं कारण नाही, तरी आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग. पुन्हा काढली, पुन्हा निळा. सगळी रसायनं बदलून झाली. शेवटी एका मुलीने गाळायचं कापड नुसत्या गरम पाण्यात बुडवून त्या पाण्यात आयोडीन टाकलं, आणि पाणी निळंशार झालं. बाजारातून आणलेलं नवं कोरं कापड होतं, त्याची खळ तशीच होती. मागाच्या गावात राहून हे आमच्या लक्षात यायला हवं होतं: ताण्याच्या सुताला खळ देतात, आणि खळ म्हणजे बहुतेकदा स्टार्चच. तेव्हापासून मलमल तीनदा उकळत्या पाण्यातून काढतो आणि शेवटच्या पाण्याची आयोडीनने परीक्षा घेतो. तंतूही सुटू देऊ नका. कापसाचा एक तंतू म्हणजे सेल्युलोज, आणि पुढच्या सल्फ्युरिक आम्लाच्या चाचणीत तोही साखर म्हणून मोजला जातो. त्यासाठी कापडानंतर अर्क सेंट्रिफ्यूजमधून ५००० फेऱ्यांवर पंधरा मिनिटं काढा.

पायरी ३. रोटरी इव्हॅपोरेटरवर, कमी दाबाखाली, ५५-६० अंशांना अर्क पाचव्या हिश्शापर्यंत आटवा. उघड्या गॅसवर आटवला तर तळाला लागतो, साखर करपते, रंग येतो. आणि करपलेल्या साखरेतून तयार होणारी तपकिरी द्रव्यं स्वतःच अँटिऑक्सिडंट असतात.

पायरी ४. स्टार्च काढायचं की नाही ते इथे ठरवा. गुळवेल सत्त्वाचाच अभ्यास असेल तर ठेवा आणि तसं स्पष्ट लिहा. इतर बहुशर्करा हव्या असतील तर स्टार्च तोडणारी विकरं (एन्झाइम) वापरा: उष्णता सोसणारं अल्फा-अमायलेज ९० अंशांना, मग पीएच ४.५ वर ग्लुकोअमायलेज ६० अंशांना द्या. आयोडीनने निळा-जांभळा रंग येणं थांबलं की दहा मिनिटं उकळून विकर निष्क्रिय करा. विकर म्हणजे प्रथिनच, म्हणून ही पायरी प्रथिनं काढण्याच्या आधी करायची. उलट क्रमाने केलीत तर तुम्हीच प्रथिन घातलेलं असतं.

पायरी ५. सेवाग पद्धतीने प्रथिनं काढणं. क्लोरोफॉर्म चार भाग, एन-ब्युटॅनॉल एक भाग. हे मिश्रण अर्काच्या पाव पट घेऊन वीस मिनिटं जोरात हलवा आणि सेंट्रिफ्यूज करा. नळीत तीन थर दिसतात. वर पाण्याचा, तळाला जड क्लोरोफॉर्मचा आणि मध्ये सायीसारखी पांढरी चकती. ती चकती म्हणजे गोठलेलं प्रथिन. वरचा थर हळूच काढून घ्या आणि चकती दिसेनाशी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. चार ते सहा फेऱ्या लागतात, दर फेरीत थोडी बहुशर्कराही जाते. हे काम फ्यूम हूडमध्येच, आणि उन्हाळ्यात सकाळी. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतं. चाळीस अंशांच्या दुपारी बंद नळीत दाब धरतं आणि झाकण उडतं. वापरलेलं क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा. वरच्या थरात राहिलेलं क्लोरोफॉर्म पुन्हा इव्हॅपोरेटरवर घालवा.

पायरी ६. आता अर्काच्या चौपट थंडगार ९५ टक्के इथेनॉल, ढवळत ढवळत, धार बारीक ठेवून. समोर जे घडतं ते नीट बघा, खूप काही कळतं. स्टार्च असेल तर पिठूळ पांढरं गढूळ होतं आणि खाली बसतं. पेक्टिन किंवा चिकट बहुशर्करा असेल तर तलम धागे सुटतात आणि काचकांडीभोवती सुतासारखे गुंडाळले जातात. रात्रभर ४ अंशांना ठेवा. रात्री वीज जाणार असेल तर बर्फाच्या डब्यात ठेवा. सकाळी कोमट झालेलं भांडं मिळालं तर उतारा (हाती येणारी बहुशर्करा) कमी येतो.

पायरी ७. खाली बसलेला साका सेंट्रिफ्यूज करा, इथेनॉलने आणि मग ॲसिटोनने धुवा, थोड्या पाण्यात विरघळवून डायलिसिस नळीत भरा. ३.५ किलोडाल्टनची नळी (त्याहून मोठे रेणू आत अडवणारी), ४८ तास, पाणी दर सहा-आठ तासांनी बदलून. सुट्या साखरा आणि क्षार बाहेर पडतात. शेवटी फ्रीज ड्रायरमध्ये वाळवा. तो नसेल तर इथेनॉलने दोनदा निर्जल करून व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवा. पाण्यासकट ओव्हनमध्ये घातलं तर शिंगासारखा कडक तुकडा होतो आणि पुन्हा नीट विरघळत नाही.

डबीत काय आहे: गुणवत्तेच्या चाचण्या

सगळ्यात आधी ओलावा आणि राख. १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, तो ओलावा. ५५० अंशांच्या भट्टीत जाळून उरते ती राख. या साध्या चाचण्या विद्यार्थी टाळतात, पण राख जास्त आली तर पाणी किंवा डायलिसिस चुकलं, हे त्याच दिवशी कळतं.

मग एकूण कर्बोदकं, फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धतीने. ड्युबॉय आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दिलेली ही पद्धत आजही सगळीकडे चालते. ग्लुकोजचं ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण करा, त्यातून १०, २०, ४०, ६०, ८०, १०० मायक्रोग्रॅम वेगवेगळ्या नळ्यांत घ्या आणि प्रत्येक नळी पाण्याने एक मिलिलिटर करा. एक नळी नुसत्या पाण्याची. त्यात ५ टक्के फिनॉल एक मिलिलिटर, आणि मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाच मिलिलिटर. आम्ल नळीच्या भिंतीवरून ओघळू देऊ नका, थेट द्रावणाच्या मध्यभागी झटकन सोडा. रंग त्या क्षणी निर्माण होणाऱ्या उष्णतेवर येतो. हळू सोडलं तर दर नळीचा रंग वेगळा. दहा मिनिटं थांबा, हलवा, २५-३० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा (उन्हाळ्यात त्या पाण्यात बर्फाचे दोन खडे टाकावे लागतात) आणि ४९० नॅनोमीटरवर शोषण, म्हणजे द्रावण किती प्रकाश अडवतं ते, वाचा. युरॉनिक आम्ल (पेक्टिनसारख्या माळेतली आम्लधर्मी साखर) जास्त असेल तर सर्वोच्च शोषण ४८० जवळ दिसतं.

फिनॉल अंगावर पडलं तर सुरुवातीला दुखत नाही, ती जागा बधिर होते. त्यामुळे लक्ष जात नाही आणि भाजतं. हातमोजे, चष्मा, अ‍ॅप्रन. थेंब पडला तर ताबडतोब भरपूर पाणी आणि मग डॉक्टर.

हिशेब एकदा करून दाखवते. समजा ग्लुकोजची रेषा अशी आली: शोषण = ०.००८५ × मायक्रोग्रॅम + ०.०१०. तुमच्या पावडरचं ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण एक मिलिलिटर घेतलं, म्हणजे नळीत १०० मायक्रोग्रॅम पावडर. शोषण आलं ०.४३५. त्यातून ०.०१० वजा, भागिले ०.००८५, उत्तर ५० मायक्रोग्रॅम ग्लुकोज. माळेत गुंफताना प्रत्येक ग्लुकोज पाण्याचा एक रेणू गमावतो, म्हणून १६२ भागिले १८०, म्हणजे ०.९ ने गुणायचं: ४५ मायक्रोग्रॅम. पावडरमध्ये ४५ टक्के बहुशर्करा. मग उरलेले ५५ टक्के काय आहे, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक चाचणीने तो भरत जा.

छोट्या उत्पादकांनी इथे सावध राहावं. ही चाचणी कोणतीही साखर मोजते. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. चमचाभर पिठीसाखर मिसळली तरी हा आकडा झपकन वर जातो. बाजारात एक्स्ट्रॅक्ट म्हणून जो माल येतो त्यात वाहक म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन घातलेलं असू शकतं, आणि तेही इथे 'बहुशर्करा' म्हणूनच दिसतं. त्यामुळे नुसत्या टक्केवारीच्या कागदावर माल घेऊ नका. तीन सोप्या गोष्टी करा. पावडर ८० टक्के इथेनॉलमध्ये हलवून गाळा आणि वरच्या द्रावणावर हीच चाचणी करा. त्यात साखर भरभरून आली तर ती सुटी साखर आहे. डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) पद्धतीने ५४० नॅनोमीटरवर क्षपणकारी साखर, म्हणजे अभिक्रिया करणारं मोकळं टोक असलेली साखर, मोजा. लांब माळेला एकच क्षपणकारी टोक, त्यामुळे शुद्ध बहुशर्करेत हा आकडा अगदी लहान यायला हवा. आणि आयोडीन. सत्त्व असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली स्टार्चचे कणही बघा. बटाट्याचे कण मोठे, लांबट, शिंपल्यासारख्या वलयांचे असतात, आणि शेजारी खऱ्या गुळवेलीचा काप ठेवून पाहिला की फरक डोळ्यांना दिसतो.

प्रथिनासाठी ब्रॅडफर्डची १९७६ ची पद्धत, ५९५ नॅनोमीटर, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन मानक म्हणून. सोबत २०० ते ४०० नॅनोमीटरचा स्कॅन घ्या. २८० ला उंचवटा असेल तर प्रथिन किंवा फिनॉलिक द्रव्यं, २६० ला असेल तर न्यूक्लिक आम्ल. युरॉनिक आम्लासाठी मेटा-हायड्रॉक्सीडायफेनिल पद्धत, ५२० नॅनोमीटर. डाळिंब साल किंवा शेवग्यासारख्या वनस्पतीला ती कराच.

आता सर्वांत महत्त्वाची चाचणी: उरलेली फिनॉलिक द्रव्यं. फोलिन-चिओकाल्टू अभिकर्मक, मानक गॅलिक आम्ल, ७६५ नॅनोमीटर. प्रथिनातलं टायरोसीन आणि क्षपणकारी साखरही यात थोडा रंग देतात, म्हणून येणारा आकडा 'जास्तीत जास्त इतकं' असा घ्यायचा. हा आकडा वहीत ठळक लिहा, पुढे त्यावरच सगळं अवलंबून आहे.

एफटीआयआर (अवरक्त प्रकाशाचा वर्णपट) आणि रेणुभार मोठ्या प्रयोगशाळेतून करून घ्यावे लागतात. एफटीआयआरमध्ये (आकडे प्रति सेंटिमीटर) ३४०० च्या आसपास रुंद पट्टा, १००० ते १२०० मध्ये साखरेच्या वलयाची गर्दी, १७४० ला एस्टर, ८९० ला बीटा आणि ८४० ला अल्फा जोडणी, एवढं ओळखता आलं तरी पुरे. रेणुभाराच्या अहवालात कोणत्या डेक्स्ट्रान (माहीत असलेल्या रेणुभाराच्या ग्लुकोजच्या माळा) मानकांवर रेषा काढली ते लिहून मागा. कोणत्या साखरा आहेत हे पाहायचं तर जलापघटनानंतर (माळ तोडून सुट्या साखरा केल्यावर) पीएमपी हे रसायन जोडून, म्हणजे साखर यंत्राला दिसते, एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर तपासतात.

अँटिऑक्सिडंट मोजणी

या चाचण्यांत रंगीत मूलक घेऊन नमुना त्याचा रंग किती उडवतो ते पाहतात. पहिली पसंती एबीटीएस या मूलकाच्या चाचणीला, कारण ती पाण्यात चालते. १० मिलिलिटर पाण्यात ३८.४ मिलिग्रॅम एबीटीएस आणि ६.६ मिलिग्रॅम पोटॅशियम परसल्फेट विरघळवा. म्हणजे ७ आणि २.४५ मिलिमोलर. अंधारात बारा ते सोळा तास ठेवा, गर्द निळा-हिरवा रंग येतो. वापरायच्या वेळी पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरने पातळ करत ७३४ नॅनोमीटरवर शोषण ०.७० आणा, ०.०२ इकडे-तिकडे चालेल. १.९ मिलिलिटर या द्रावणात ०.१ मिलिलिटर नमुना, सहा मिनिटांनी वाचन. बहुशर्करा सावकाश काम करते, म्हणून मी तिसाव्या मिनिटालाही एक वाचन घेते आणि दोन्ही देते.

डीपीपीएच या जांभळ्या मूलकाची चाचणी सगळ्यांना माहीत असते, आणि बहुशर्करेच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. डीपीपीएच अल्कोहोलमध्ये विरघळतं, बहुशर्करा पाण्यात. दोन्ही एकत्र आले की बहुशर्करेचा साका पडतो, द्रावण गढूळ होतं, प्रकाश विखुरतो आणि यंत्र जास्त शोषण दाखवतं. पाणी फार घातलं तर डीपीपीएचच गोठतं. मी १०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये ७.९ मिलिग्रॅम डीपीपीएच घेते, म्हणजे ०.२ मिलिमोलर, आणि त्यातलं एक मिलिलिटर एक मिलिलिटर नमुन्यात मिसळते. अर्धं पाणी, अर्धं इथेनॉल. अंधारात तीस मिनिटं, ५१७ नॅनोमीटर. क्युवेटला झाकण हवंच. उन्हाळ्यात अर्ध्या तासात इथेनॉल उडून द्रावण तीव्र होतं.

प्रत्येक तीव्रतेसाठी एक जोड-नळी करा: तोच नमुना, पण डीपीपीएचऐवजी साधं इथेनॉल. तिचं वाचन म्हणजे नमुन्याचा स्वतःचा रंग आणि गढूळपणा. समजा नियंत्रण नळीचं (नमुन्याऐवजी पाणी घातलेल्या) शोषण १.०५०, नमुन्याचं ०.५३०, जोड-नळीचं ०.१३०. जोड-नळी विसरलात तर उत्तर ४९.५ टक्के येतं. ती वजा केली तर नमुन्याचं खरं शोषण ०.४००; १.०५० मधून ते वजा, म्हणजे ०.६५०, भागिले १.०५०, म्हणजे ६१.९ टक्के. एका नळीच्या आळसात बारा टक्क्यांचा फरक.

तिसरी चाचणी म्हणून फ्रॅप (नमुना लोहाचं किती क्षपण करतो ते मोजणारी) घ्या: ॲसिटेट बफर, टीपीटीझेड आणि फेरिक क्लोराइड १० : १ : १, पीएच ३.६, ३७ अंश, ५९३ नॅनोमीटर. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ती नीट चालते. हायड्रॉक्सिल मूलकाच्या चाचणीवर मात्र एकटीवर विसंबू नका. तो मूलक इतका आक्रमक आहे की साधं ग्लुकोज, मॅनिटॉलसुद्धा त्याला पकडतं. मिलिग्रॅमच्या प्रमाणात कोणतीही साखर घातली तरी ती 'सक्रिय' दिसणारच.

पाच-सहा तीव्रता घ्या, ०.१ ते ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि आलेखावरून निम्मे मूलक विझवणारी तीव्रता काढा. सोबत क जीवनसत्त्व. ते काही मायक्रोग्रॅममध्ये काम करतं, बहुशर्करा बहुधा मिलिग्रॅममध्ये. हा फरक लपवू नका, एकाच आलेखात दोन वेगळे अक्ष लावून दोन्ही सारखे दाखवू नका.

हा आकडा कुणाचा?

डाळिंबाच्या सालीवर काम करणारे विद्यार्थी दरवर्षी असतात, आणि ते साहजिक आहे. भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ आपलं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरच्या केगावला. पण सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिन ठासून भरलेली. साल नुसती गरम पाण्यात उकळून इथेनॉलने साका पाडला तर काही टॅनिन बहुशर्करेला धरून खाली येतात, आणि डीपीपीएच क्षणात जांभळ्याचं पिवळं होतं. विद्यार्थी आनंदतो. मी त्याला तीन चाचण्या करायला लावते.

एक, बरोबरीची नळी. फोलिनने सांगितलं, समजा, दर ग्रॅमला १२ मिलिग्रॅम गॅलिक आम्लाइतकी फिनॉलिक द्रव्यं. म्हणजे एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर नमुन्यात १२ मायक्रोग्रॅम. आता शुद्ध गॅलिक आम्लाचं १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण करा आणि त्याच्यावर तीच डीपीपीएच चाचणी करा. नमुन्याइतकंच किंवा जास्त उत्तर आलं, तर बहुशर्करेने काही केलं असं म्हणायला आधार उरत नाही. दोन, शुद्ध डेक्स्ट्रान त्याच तीव्रतेला चालवा; त्याची क्रिया जवळजवळ शून्य यायला हवी. येत नसेल तर तुमची पद्धतच बिघडली आहे. तीन, नमुना पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोनसोबत हलवून गाळा, फिनॉलिक द्रव्यं त्याला चिकटतात, आणि पुन्हा मोजा. फोलिनचा आकडा जितका उतरला तितकीच क्रिया उतरली, तर श्रेय टॅनिनचं. फोलिन उतरूनही क्रिया टिकली, तर तुमच्या हाती खरोखर काहीतरी आहे, आणि मग युरॉनिक आम्ल, रेणुभार यांच्याशी ती कशी जुळते ते शोधण्यात अर्थ आहे. रंग काढण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नका. ते माळा तोडतं आणि उरलंसुरलं पेरॉक्साइड चाचणीत मिसळतं.

टॅनिनमुळे क्रिया आली म्हणजे काम वाया गेलं असं नाही. बहुशर्करेला घट्ट बांधलेली फिनॉलिक द्रव्यं हा अभ्यासाचा चांगला विषय आहे. फक्त त्याला 'बहुशर्करा-फिनॉलिक संयुग' म्हणा, 'शुद्ध बहुशर्करा' म्हणू नका. आणि क्युवेटमधल्या रंगावरून रोग बरा होण्याचा दावा पाकिटावर छापू नका. डीपीपीएच शरीरात नसतं. ती पावडर पोटात गेल्यावर काय होतं ते क्युवेट सांगू शकत नाही.

नोंद आणि साठवण

'तीनदा केलं' याचा अर्थ एकाच द्रावणातून तीनदा पिपेट करणं नव्हे. ५० ग्रॅमची काढणी तीनदा वेगळी करा, प्रत्येकीच्या तीन नळ्या, आणि सरासरीसोबत प्रमाण विचलन द्या. उतारा, ओलावा, राख, एकूण कर्बोदकं, क्षपणकारी साखर, प्रथिन, युरॉनिक आम्ल, फिनॉलिक द्रव्यं, आयोडीनचा रंग, आणि त्यानंतर अँटिऑक्सिडंट. एकाच तक्त्यात, याच क्रमाने. तीव्रता लिहिताना ती नमुन्याची आहे की मिसळल्यानंतरची, ते स्पष्ट लिहा.

वाळलेली पावडर छोट्या छोट्या कुप्यांत भरा, सिलिका जेलसह, उणे २० अंशांना. रोज एकच कुपी उघडा आणि ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा, नाहीतर थंड पावडरवर दव धरतं. मार्चच्या कोरड्या हवेत तोललेले १० मिलिग्रॅम आणि जुलैत तोललेले १० मिलिग्रॅम सारखे नसतात. बहुशर्करा हवेतलं पाणी पटकन ओढते. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर ओलावा पुन्हा काढा, सगळे आकडे कोरड्या वजनावर आणा, आणि उन्हाळ्यातल्या एका कुपीवर एबीटीएस पुन्हा चालवून जुन्या आकड्याशी ताडून पाहा.